नाताळचे झाड आणि लोणारची रात्र

नाताळचे झाड आता नुसते लुकलुकत नाही, ते आज्ञा पाळते. २०२० च्या डिसेंबरात मॅट पार्कर या गणितप्रेमी लेखकाने आपल्या झाडावर ५०० दिवे गुंडाळले, एकेक दिवा पेटवून निरनिराळ्या बाजूंनी छायाचित्रे घेतली आणि प्रत्येकाचे नेमके स्थान संगणकाकडून काढविले. तारेवरचे शेजारी झाडावर शेजारी नसतात, ही खरी अडचण! ती सुटताच झाडावरून रंगांच्या लाटा फिरू लागल्या. ही आज्ञावली त्याने सर्वांस खुली केली, आणि २०२१ मध्ये अनोळखी लोकांनी लिहून धाडलेल्या आज्ञावल्या त्याच झाडावर चालविल्या. दीपमाळेवर ज्याने त्याने आपली पणती ठेवावी, तसाच हा प्रकार. आम्हांस त्याचे मनापासून कौतुक वाटते.

मात्र सुधारणा कशास म्हणावे, याविषयी आमचे मत निराळे आहे. नवे रंग, नवी गती यांची भर घालणारे पुष्कळ. तेज आवरणारे थोडे. या जातीचा एक दिवा पूर्ण पांढऱ्या तेजाने जळताना सुमारे ५० ते ६० मिलिअँपिअर वीज ओढतो; ५०० दिव्यांचे २५ ते ३० अँपिअर होतात. बारीक तार तेवढ्याने तापते. शिवाय २५५ पैकी १२८ हा आकडा डोळ्यास निम्मा दिसत नाही, बराच अधिक दिसतो. हे गणित न सावरल्यास दिवा मावळत नाही, विझतो.

लोणारला तर हा प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही. उल्कापाताने बेसाल्टात कोरलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर अभयारण्य आहे. २०२० पासून ते रामसर पाणथळही आहे. तळ्याकाठी कमळजा देवीचे देऊळ, नवरात्रात तेथे यात्रा. सण नाताळचा असो वा दिवाळीचा, माळा त्याच. त्या झाडीतली रात्र पाखरांची आहे, आपली नव्हे.

आज्ञावली उतरवून घेणारा मुलगा आतले आकडे सहसा बदलीत नाही. लिहिणाऱ्याने ठेवले तेच गावोगाव पेटतात. म्हणून आमची सूचना एवढीच की, आरंभीच तेजाची मर्यादा आणि दिवे मालविण्याची वेळ घालावी, शेजारी सोप्या मराठीत दोन ओळींचा खुलासा लिहावा. रात्री दहानंतर झाड निजू द्यावे. ज्यास पहाटेपर्यंत झगमगाट हवा, त्याने आकडा बदलावा. आज्ञावली खुलीच आहे.