पैसा आहे, पण उत्पन्न नाही

सावित्रीच्या खाडीपट्ट्यात आमचे तुडील घ्या किंवा आजूबाजूचा कुठलाही मोहल्ला घ्या, कुवेत, सौदी, दुबईत नाहीतर जहाजावर उमेद घालवून परतलेला बुजुर्ग प्रत्येक आळीत भेटतो. घर बांधून झालेले, मुलींची लग्ने झालेली, बँकेत थोडीफार शिल्लक, कुणाची देणी नाहीत. असा माणूस हौसेने म्हणा, गरजेने म्हणा, क्रेडिट कार्डासाठी अर्ज करतो आणि चार दिवसांत मोबाइलवर एका ओळीचा संदेश येतो की आपला अर्ज मंजूर होऊ शकत नाही.

मागच्या महिन्यात शेजारच्या चाचांना असाच संदेश आला. मुलाकडे दुबईला जायचे होते, हॉटेलवाल्याने अनामत म्हणून क्रेडिट कार्ड मागितले होते. चाचा म्हणाले, "सर, तीस वर्षे परक्याच्या तिजोरीच्या किल्ल्या सांभाळल्या, एक रुपया इकडचा तिकडे केला नाही. आता माझाच भरवसा नाही होय?" पैशांपेक्षा त्यांना हे जास्त लागले होते.

बँकेचा हिशोब वेगळा असतो. क्रेडिट कार्ड म्हणजे बिनतारणाचे कर्ज. ते देताना बँक तुमच्याकडे किती आहे हे फारसे पाहत नाही. दर महिन्याला किती येते आणि त्याचा कागद आहे का, हे पाहते. पगाराची पावती, पेन्शनची नोंद किंवा आयकर विवरणपत्र, यांपैकी काहीतरी हवे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्याला निदान पेन्शन तरी दाखवता येते. आखातातून परतलेल्याला तेही नाही. (1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेल्या आम्हा शिक्षकांनाही जुनी पेन्शन नाही, तेव्हा उद्या आम्हीही याच रांगेत असू.) शिवाय अनेक बँकांनी मुख्य कार्डधारकासाठी 60 किंवा 65 वर्षांची मर्यादा घातलेली असते.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना ठाऊक नसते. सिबिलसारख्या संस्था प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवतात आणि 300 ते 900 मध्ये गुण देतात. ज्याने भारतात कधी कर्जच घेतले नाही, त्याच्या नावापुढे गुणच नसतात. तिकडच्या बँकेत वीस वर्षे चोख व्यवहार केला असला तरी ती नोंद इथे येत नाही. म्हणजे आयुष्यभर कर्जापासून दूर राहिलेला माणूस या वहीत अनोळखी ठरतो. आपल्या घरांत कर्ज न घेणे ही इज्जतीची गोष्ट मानली जाते. चाचांना हे समजावताना आम्हालाच अवघड वाटले.

मग करायचे काय? पहिले म्हणजे नकाराचे कारण मागायचे. रिझर्व्ह बँकेने 2022 साली कार्डांबाबत जे निर्देश काढले, त्यांत अर्ज नाकारल्यास नेमके कारण लेखी कळवावे, असे स्पष्ट सांगितले आहे. शाखेत जाऊन साध्या मराठीत अर्ज द्यावा, पोच घ्यावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. 14448 या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. मात्र कार्ड देणे न देणे हा बँकेचा व्यावसायिक निर्णय आहे, लोकपाल तो बदलून देत नाही. तक्रार करायची ती कारण न सांगितल्याची.

दुसरे, आपला सिबिल अहवाल मागवून पाहावा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. कुणाच्या कर्जाला जामीन राहिल्याचे आपण विसरलेलो असतो, किंवा नावाच्या स्पेलिंगच्या घोळात दुसऱ्याचे थकीत कर्ज आपल्या नावावर चढलेले असते. आपल्यात एकाच नावाची किती माणसे असतात, हे शाळेचे हजेरीपुस्तक पाहणाऱ्या आम्हाला चांगले माहीत आहे. आणि घरभाडे किंवा दुसरे काही उत्पन्न असेल, तर कर लागत नसला तरी आयकर विवरणपत्र भरून ठेवावे. दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे म्हणजे बँकेच्या भाषेत उत्पन्नाचा पुरावा.

तिसरी वाट बँक स्वतःच सुचवते. मुदत ठेव ठेवा, तिच्या तारणावर कार्ड घ्या. ठेवीपेक्षा थोडी कमी मर्यादा मिळते आणि उत्पन्नाचा कागद सहसा मागत नाहीत. कार्ड चालू असेपर्यंत ठेव मोडता येत नाही. पण इथे आपल्या घरांत गाडी अडते. मुदत ठेव म्हणजे व्याज. बचत खात्यावर न मागता जमा होणारे व्याज सवाबची अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकण्याची रीत अनेक घरांत आहे. मात्र व्याजाच्या करारावर स्वतःहून सही करणे ही वेगळी गोष्ट, असे चाचांचे म्हणणे. आम्ही फतवा देणारे नव्हे. ज्याने त्याने आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. खुद्द क्रेडिट कार्डाबद्दलही उलेमांत दोन मते आहेत. मुदतीआधी सगळी रक्कम फेडण्याची खात्री असेल तर काही जण परवानगी देतात. करारात व्याजाची अट आहे म्हणून काही जण तेही टाळायला सांगतात.

व्याजाचा आकडा मात्र सगळ्यांनी नीट पाहावा. समजा 20,000 रुपयांची खरेदी केली आणि बिलावर छापलेली 'किमान देय रक्कम' म्हणून 1,000 रुपयेच भरले. उरलेल्या 19,000 वर महिना साडेतीन टक्क्यांनी 665 रुपये व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे ढोबळ हिशोबाने 785 रुपये. पुढच्या महिन्यात पुन्हा 1,000 भरले, तर मूळ कर्जातून कमी झाले जेमतेम 215. हा दर वर्षाला 42 टक्के होतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो निकाल रद्द केला. क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख काढली तर सवलतीचे दिवसही मिळत नाहीत, व्याज त्याच दिवसापासून सुरू. ज्याचे महिन्याचे येणे बंद झाले आहे, त्याच्यासाठी हा खड्डा जास्तच खोल.

मुलाच्या कार्डावर पुरवणी कार्ड घेण्याचाही पर्याय असतो. बिल मुलाच्या नावाने येते आणि ते फेडण्याची जबाबदारीही त्याचीच. मुलगा तयार होता, चाचा नव्हते. "दवा घेतली तरी त्याच्या मोबाइलवर मेसेज जाणार," म्हणाले. यावर आम्ही काही बोललो नाही.

खरे तर पुष्कळ कामे क्रेडिट कार्डाशिवाय होतात. विमानाचे तिकीट डेबिट कार्डावर निघते, हजचे पैसे बँकेत चलनाने भरता येतात. परदेशात वापरायचे असेल तर डेबिट कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करून घ्यावे लागतात. हॉटेलवाला अनामत म्हणून डेबिट कार्डावर रक्कम अडवून ठेवतो आणि ती परत मिळायला काही दिवस लागतात, तेवढी शिल्लक जास्त ठेवावी.

नकार आल्यावर 'कार्ड आम्ही मंजूर करून देतो' असे फोन येऊ लागले, तर ओटीपी सांगू नये, पाठवलेले अ‍ॅप उतरवून घेऊ नये. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 वर फोन करावा. उशीर होईल तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी एक वही करावी. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत कर्ज लिहून ठेवण्याची ताकीद आहे, आणि वारसांत वाटणी होण्याआधी मय्यताचे कर्ज फेडावे लागते. पण कार्डाचे बिल ईमेलवर येते, ईमेलचा पासवर्ड मरहूमच्या डोक्यात असतो. मागे राहिलेल्यांना थकबाकी कळते ती वसुलीचा फोन आल्यावर.

चाचांनी लेखी कारण मागितले, उत्तर आले: उत्पन्नाचा पुरावा नाही. ते डेबिट कार्ड घेऊन दुबईला जाऊन आले आणि आता महाडच्या गाळ्याच्या भाड्याचे विवरणपत्र भरणार आहेत. त्या कागदांच्या निमित्ताने कळले की चाचींच्या नावावर काहीच नाही. घर, गाळा, खाते, गॅसचे पुस्तक, सगळे चाचांच्या नावे. संयुक्त खाते आणि वारसनोंद कशी करायची, ते पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह.