तोडपाणी, पण पावतीसकट

एडिसनमधल्या कुठल्याही देसी पॉटलकमध्ये कुणीतरी सांगावं की मला स्पीडिंगचं तिकीट मिळालं. दोन सल्ले हमखास येतात. पहिला : "गप ऑनलाइन भरून टाक, कशाला भानगड." दुसरा, जरा अनुभवी मंडळींचा : "कोर्टात जा, प्रॉसिक्युटरशी बोल, पॉइंट्स शून्य करून देतात." आणि मग कुणीतरी पनीरचा तुकडा तोंडात टाकत म्हणतं, "इथली सिस्टिमच वेगळी यार. आपल्याकडे मामाला शंभराची नोट."

माझं म्हणणं असं की दोन्ही सल्ले वाईट आहेत आणि तिसरं वाक्य तर सरळ चूक आहे. दुसऱ्या सल्ल्यात जे होतं त्याला मराठीत फार जुना आणि नेमका शब्द आहे. तोडपाणी. फक्त इथे पावती मिळते.

आधी न्यू जर्सीचा हिशोब समजून घ्या. मर्यादेपेक्षा १ ते १४ मैल जास्त गेलात तर २ पॉइंट, १५ ते २९ मैलांना ४, त्याच्या वर ५. तीन वर्षांत ६ पॉइंट झाले की राज्य वेगळा अधिभार लावतं, १२ झाले की लायसन्स जाऊ शकतं. विमा कंपनी टपून बसलेलीच असते. म्हणजे माणसाला भीती दंडाची नसते, पॉइंटची असते. आणि जिथे भीती तिथे बाजार.

या बाजारातल्या मालाचं नाव 'अनसेफ ड्रायव्हिंग', कलम ३९:४-९७.२. हे कलम २००० साली आलं. पहिल्या दोन वेळा पॉइंट शून्य. पाच वर्षांचं अंतर न राखता तिसऱ्यांदा लागलं तर मात्र ४. पहिल्या वेळी दंड ५० ते १५० डॉलर, वर कोर्टाचा खर्च ३३ पर्यंत, आणि २००४ पासून त्यावर सपाट २५० डॉलरचा अधिभार. बेरीज करा. मला २५ च्या रस्त्यावर ४१ ने गेल्याचं तिकीट होतं. ते मुकाट्याने भरलं असतं तर साधारण शंभर डॉलर आणि ४ पॉइंट. पॉइंट नको असतील तर चारशेच्या घरात. म्हणजे दर ठरलेला आहे. घासाघीसही करावी लागत नाही, आपल्याकडच्यापेक्षा एवढी सोय जास्त!

कोव्हिडनंतर अशा बऱ्याच सुनावण्या झूमवर होतात. एका गावाच्या (नाव नको) म्युनिसिपल कोर्टात मी सकाळचे अडीच तास लॅपटॉपसमोर बसून होतो. एकीकडे हापिसचा बिल्ड चालू, एकीकडे न्यायाधीश. आयटीवाल्याला लॉग वाचायची सवय असते, तसं मी ते वाचत होतो. एकाने लाल सिग्नल तोडला होता. एक बाई फोनवर बोलताना सापडली होती. एक जण स्टॉप साइनला थांबला नव्हता. एक पोरगा माझ्यापेक्षा किती तरी जोरात गेला होता. सगळे एकेक करून प्रॉसिक्युटरच्या वेगळ्या खोलीत गेले आणि परत आले ते एकाच गुन्ह्याचे गुन्हेगार होऊन. सगळ्यांचं अनसेफ ड्रायव्हिंग. इनपुट काहीही द्या, आउटपुट तेच. असा कोड माझ्याकडे रिव्ह्यूला आला तर मी विचारेन, बाबा, मग इनपुट घेतोस कशाला?

त्यापुढचा भाग मला खरा बोचला. सौदा झाल्यावर न्यायाधीश विचारतात : तुम्ही माणसाला किंवा मालमत्तेला धोका होईल अशा असुरक्षित पद्धतीने गाडी चालवलीत का? आणि माणूस म्हणतो, हो. फोनवर बोलणारी बाई म्हणते हो, सिग्नलवाला म्हणतो हो. न्यायाधीशाला माहीत असतं की मूळ तिकीट दुसरंच होतं, प्रॉसिक्युटरला माहीत असतं, बोलणाऱ्याला तर असतंच. काहींच्या बाबतीत ते खरंही असेल. पण खरं आहे म्हणून कुणी 'हो' म्हणत नव्हतं, सौदा 'हो' वर अवलंबून होता म्हणून म्हणत होतं. ज्या जागेचं काम नक्की काय घडलं ते शोधणं, तिथे अडीच तासांत नक्की काय घडलं हे एकालाही कुणी विचारलं नाही.

आता मित्र म्हणतील, अरे पण मामा पैसे खिशात घालतो, इथे ते सरकारजमा होतात. मान्य. फरक आहे आणि तो छोटा नाही. इथला हवालदार माझ्याशी सभ्यपणे वागला, त्याने काही मागितलं नाही. पण मामाच्या नोटेत वाईट काय होतं ते आठवा. पैसे कुणाच्या खिशात गेले एवढंच? की नियम मोडणाऱ्याची नोंदच झाली नाही, हेही? पॉइंट पद्धत आहे कशासाठी? वारंवार बेफाम चालवणारा माणूस वेळेत दिसावा म्हणून. चारशे डॉलर टाकून तो दोनदा अदृश्य होऊ शकतो. आणि ज्याला ते परवडत नाहीत त्याचे पॉइंट मात्र साठत जातात. माझ्या आधीच्या माणसाने हप्ते बांधून मागितले. तो गाडीवर डिलिव्हरी करत होता, लायसन्स गेलं तर रोजी जाणार. त्याच्यासाठी आणि माझ्यासाठी रेट कार्ड एकच होतं. याला समान न्याय म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

हे मी एकटाच बडबडतोय असं नाही. मिसूरीतल्या फर्ग्युसनबद्दल अमेरिकेच्या न्याय खात्याने मार्च २०१५ मध्ये अहवाल दिला. त्यात दिसलं की शहराने त्या वर्षीच्या १.३२६ कोटी डॉलरच्या अपेक्षित उत्पन्नात ३०.९ लाख डॉलर दंड आणि शुल्कातून येतील असं धरलं होतं. गुन्हे किती होणार हे बजेटमध्ये! ओहायोतल्या मनरोव्हिलमध्ये महापौरच वाहतुकीचे खटले चालवायचा आणि गावाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा त्यातून यायचा. १९७२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असा माणूस निःपक्ष न्यायाधीश होऊ शकत नाही. आणि आपली न्यू जर्सी? इथे बहुतेक ठिकाणी म्युनिसिपल न्यायाधीश गावच नेमतं, तीन वर्षांसाठी. परत नेमायचं की नाही हेही गावच ठरवतं. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या समितीने २०१८ मध्ये याच गोष्टीवर बोट ठेवलं : कोर्टाकडे कमाईचं साधन म्हणून बघू नका. २०१९ च्या सुरुवातीला साडेसात लाखांहून जास्त जुनाट किरकोळ केसेस एका झटक्यात रद्द झाल्या, हेही याच न्यायव्यवस्थेने केलं. म्हणजे आतल्या माणसांना दुखणं कुठे आहे ते माहीत आहे. माहीत नाही ते फक्त पॉटलकमधल्या लोकांना.

आता 'गप भरून टाक'वाल्यांकडे वळू. यांच्या मनात व्हिसाची भीती असते, हे मला माहीत आहे, कारण मीही एच-वन-बीवाला आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये अनेक परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी अचानक रद्द झाल्या, त्यांत काहींच्या नावावर वाहतुकीच्या तिकिटांपलीकडे काही नव्हतं. कोर्टकज्जे झाल्यावर महिनाअखेरीस त्या परत सुरू केल्या गेल्या. तेव्हा 'कशाला भीता' असं मी म्हणणार नाही. पण मग उलटा प्रश्न विचारतो. नोंदीची एवढी भीती आहे, तर न तपासता गुन्हा कबूल का करता? ऑनलाइन पैसे भरणं म्हणजे विजेचं बिल भरणं नव्हे. त्या बटणाचा अर्थ 'मी दोषी आहे आणि सुनावणीचा हक्क सोडतो' असा आहे. तिथे तसं लिहिलेलं असतं, आपण अटी न वाचता 'मान्य' दाबणारी जमात. (दारू पिऊन चालवलेल्यांनी हा लेख बंद करून आधी वकील गाठावा. तो विषय वेगळा आहे.)

मी काय केलं ते सांगतो. आम्ही उतारावर एकामागे एक तीन गाड्या होतो, मी मधला, आणि माझा वेग ४१ नव्हता. म्हणून मी 'दोषी नाही' म्हटलं आणि प्रॉसिक्युटरला लेखी मागणी पाठवली : रडारचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, ट्यूनिंग फोर्कची प्रमाणपत्रं, ते यंत्र चालवण्याचं हवालदाराचं प्रशिक्षण, आणि व्हिडिओ असेल तर तो. याला डिस्कव्हरी म्हणतात, तो आपला हक्क आहे, उपकार नाही. न्यू जर्सीत वाहतुकीच्या तिकिटालाही 'वाजवी संशयापलीकडे' सिद्ध करावं लागतं, आणि ते करण्याची जबाबदारी सरकारची असते. पहिल्या तारखेला प्रॉसिक्युटरने अनसेफ ड्रायव्हिंग देऊ केलं. मी नको म्हटल्यावर तो चिडला नाही, चकित झाला. "पॉइंट शून्य आहेत," तो पुन्हा म्हणाला, जणू मला ऐकू आलं नसावं. म्हटलं, ट्रायल द्या.

सहा आठवड्यांनी दुसरी तारीख. कागद आले नव्हते. प्रॉसिक्युटरने केस पुढे न नेण्याची विनंती केली, न्यायाधीशांनी तिकीट रद्द केलं, सगळं मिळून चार मिनिटं. मित्रांनी 'जिंकलास' म्हणून पार्टी मागितली. जिंकलो कसला? माझा वेग किती होता हे शेवटपर्यंत कुणी तपासलंच नाही. जे कागद यंत्र वापरण्याआधीच हवेत, ते दोन महिन्यांतही निघाले नाहीत. मी मागितले नसते तर ते आहेत की नाहीत हे कुणी विचारलंही नसतं, आणि त्याच यंत्राच्या आकड्यावर त्या सकाळी किती जणांनी चारशे मोजले असतील कोण जाणे.

"तुला वेळ आहे बाबा," असं एक जण म्हणाला. वेळ किती लागला? एक पत्र, दोन सकाळी, त्याही घरून. यापेक्षा जास्त वेळ आपण कॉस्टकोत वीस डॉलरचा टोस्टर परत करायला घालवतो. डिलिव्हरीवाल्याला मात्र खरंच वेळ नसतो, आणि म्हणूनच ज्यांना आहे त्यांनी तरी कागद मागायला हवेत. प्रत्येक तिकिटाला कागद मागितले जाऊ लागले तर ते फाइलमध्ये आधीपासून ठेवावे लागतील.

आणि तिकीट मिळाल्यावर आठवड्याभरात तुमच्या टपालपेटीत वकिलांची पत्रं पडू लागतील, कारण ही माहिती सार्वजनिक असते. माझ्याकडे अकरा आली. वकील करायला माझी हरकत नाही, पॉइंट जास्त असतील तर कराच. पण फोनवर त्याला एकच प्रश्न विचारा : तुम्ही डिस्कव्हरी मागवता, की फक्त अनसेफ ड्रायव्हिंग करून आणता? मी तिघांना विचारलं. दोघांनी आधी फी सांगितली.