तलावाचा गाळ, रस्त्याचा भराव आणि गावाचा हिशेब

उन्हाळा लागला की जिल्ह्यात दोन कामांना एकदमच जोर येतो. एकीकडे खदानीतून गिट्टी-मुरूम भरून टिप्पर निघतात, दुसरीकडे नदी-नाल्यांत पोकलेन उतरतात. पहिले काम धंद्याचे अन् दुसरे पुण्याचे, असा गावात सर्वसाधारण समज. आपल्या बुलडाणा जिल्ह्याने मात्र ही दोन्ही कामे एका दोरीला बांधून दाखविली. तेव्हा या समजाची तपासणीही इथूनच व्हावी.

जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गांची कामे निघाली तेव्हा भरावासाठी प्रचंड मुरूम-माती लागणार होती. ती टेकड्या न कोरता तलाव, नाले आणि नदीपात्रांतून घ्यावी, त्यावर सरकारने स्वामित्वधन घेऊ नये, कंत्राटदाराला मुरूम मिळावा आणि गावाला खोली मिळावी, असा हा व्यवहार होता. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी तोच पुढे ‘बुलडाणा पॅटर्न’ म्हणून देशभर सांगितला. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने ‘सुजलाम् सुफलाम्’ मोहिमेत यंत्रे पुरविली, इंधनाचा खर्च शासनाने उचलला आणि गाळ शेतकऱ्यांनी आपल्या ट्रॅक्टरने नेला. कामे झाली, पाणी साठले. हे मान्य करायलाच पाहिजे.

दान कोणाचे?

आता साधा हिशेब करू. एक हेक्टर तलाव एक मीटर खोल केला तर १० हजार घनमीटर माल निघतो, आणि तितक्याच जागेत १ कोटी लिटर पाणी मावते. हा माल ब्रासमध्ये मोजला तर साडेतीन हजार ब्रास भरतो. २०२१ मध्ये ठरलेल्या ६०० रुपये ब्रासच्या दराने त्याचे स्वामित्वधन २१ लाख रुपये होते. ज्या कामात हे माफ होते, तिथे एवढी रक्कम सरकारी तिजोरीने, म्हणजे तुम्ही-आम्ही सोडलेली असते. म्हणून तलावाच्या काठावर कंपनीचा फलक लागला तर लागू द्या. पण त्या फलकावर किती ब्रास माल गेला अन् किती स्वामित्वधन माफ झाले, हेही लिहिलेले असावे.

दुसरी गोष्ट. कंत्राटदाराला मुरूम पाहिजे असतो आणि शेतकऱ्याला गाळ. दोघांची गरज सारखी नाही. वरचा गाळ निघाला की पाणी जमिनीत मुरायला वाट होते. पण काळ्या पाषाणाच्या आपल्या भागात विहिरींना पाणी देणारा थर हा मुरमाचा आणि फुटक्या खडकाचाच असतो. तो सगळाच उकरून नेला तर खड्ड्यात पाणी दिसेल, आजूबाजूच्या विहिरींना मात्र पोचेलच असे नाही. बांधाच्या पायथ्याशी खोदले तर बांधालाच धोका. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाण पट्ट्यात तर खोल गेल्यावर खारे पाणी हाती लागते. तेव्हा किती खोल जायचे हे पोकलेनवाल्याने नव्हे, जलसंधारणाच्या अभियंत्याने ठरवायचे असते.

डोंगरावरची कच, धरणातला गाळ

खामगाव तालुक्यासाठी हा प्रश्न आणखी जवळचा आहे. मन, मस, ज्ञानगंगा या नद्या अजिंठ्याच्या रांगेतून उतरून पूर्णेकडे जातात. त्यांच्यावर आपले मध्यम प्रकल्प आहेत. खामगाव शहर ज्ञानगंगेचे पाणी पिते. पाणलोटात खदान किंवा क्रशर असेल आणि त्याची कच उघड्यावर पडली असेल, तर पहिल्याच पावसात ती नाल्यात, नाल्यातून धरणात जाते. वर ती सांडू द्यायची अन् खाली गाळ काढल्याचा फोटो छापायचा, हा उफराटा धंदा झाला. २०२५ मध्ये सरकारने कृत्रिम वाळूचे धोरण आणले. नदीतल्या वाळूवरचा ताण त्याने कमी व्हावा हे ठीक. पण दगडाची मागणी त्याने वाढणारच.

कायद्याची बाजूही पाहू. नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन २०१३ च्या कंपनी कायद्यात आहे. ते वर्षाला ५ कोटी निव्वळ नफा, किंवा १ हजार कोटींची उलाढाल वा ५०० कोटींची नक्त मालमत्ता असलेल्या कंपन्यांना लागू होते. भागीदारीत चालणारी खदान त्यात येत नाही. मात्र स्वामित्वधनासोबत जिल्हा खनिज प्रतिष्ठानसाठी रक्कम भरावी लागते, आणि पिण्याचे पाणी व पर्यावरण ही त्या निधीची प्राधान्याची कामे आहेत. हा बाधित गावाचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

तेव्हा सरपंच, ग्रामसेवक, तलाठी मंडळींनी पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत चार गोष्टी मांडाव्यात. कामाचा नकाशा आणि खोली लेखी घ्यावी. खोदण्याआधी आणि नंतर मोजमाप करून ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावे. गाळ आधी शेतकऱ्याला, मग उरलेला मुरूम रस्त्याला, असा ठराव करावा. आणि गावाशेजारी खदान असेल तर कच अडविणारा बांध, पाणी मारण्याची सोय आणि बंद खड्ड्याला कुंपण मागावे. जी कंपनी एवढे करील तिचा सत्कार गावाने खुशाल करावा. बाकीच्यांकडून आधी मोजमापाचा कागद घ्यावा, नारळ मग फोडावा.