भेटीचा आदेश आणि साठ दिवसांची मुदत

घटस्फोटाच्या दाव्यात घर, दागिने आणि ठेवी यांची वाटणी कितीही कटू झाली, तरी ती एकदा होते आणि संपते. मुलाच्या सहवासाची वाटणी मात्र वर्षानुवर्षे, दर पंधरवड्याला नव्याने करावी लागते. पहिला व तिसरा शनिवार, दुपारी दोन ते चार, न्यायालयाच्या आवारातील खोलीत. दिवाळीची व मे महिन्याची सुटी निम्मी-निम्मी. वाढदिवशी एखादा तास. अशा आदेशांची भाषा वकिलांना आता तोंडपाठ झाली आहे. परंतु हा आदेश निघतो केव्हा आणि निघाल्यानंतर त्याचे होते काय, याचा विचार फारसा होत नाही.

तत्त्वाबद्दल वाद नाही. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम हे दोन्ही मुलाच्या हिताला अग्रस्थान देतात. १९५६ च्या अधिनियमाने नैसर्गिक पालक म्हणून आधी पित्याचे व ‘त्याच्यानंतर’ मातेचे नाव घातले खरे. पण त्याचा अर्थ पित्याच्या मृत्यूनंतर असा घेण्याचे कारण नाही, हे गीता हरिहरन यांच्या प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. २०१५ मध्ये विधी आयोगाने संयुक्त ताब्याची तरतूद कायद्यात करण्याची शिफारसही केली. उणीव आहे ती अंमलबजावणीत, आणि विशेषतः वेळेच्या हिशेबात.

हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ मध्ये २००१ साली एक परंतुक जोडण्यात आले. त्यानुसार दावा चालू असताना मुलांच्या निर्वाहाबद्दल व शिक्षणाबद्दल आलेला अर्ज, नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकालात काढावयाचा असतो. ही मुदत नेहमी पाळली जाते असे कोणी म्हणणार नाही. पण मुदत असली म्हणजे ती मोडल्याचे दाखविता तरी येते. भेटीच्या अर्जाला मात्र त्या परंतुकात स्थान नाही. पोट थांबत नाही, हे कायद्याने ओळखले. बालपणही थांबत नाही, हे ओळखावयाचे राहून गेले.

या विलंबाला तटस्थ म्हणता येत नाही. मूल ज्याच्या घरी असते, त्याला प्रत्येक पुढची तारीख लाभाची ठरते. दीड-दोन वर्षे लोटली, की ‘मूल आता येथे रुळले आहे’ हा युक्तिवाद पुढे येतो, आणि त्या घटकेला तो खराही असतो. तीन वर्षांच्या मुलाला दोन वर्षे न दिसलेला बाप किंवा आई परकीच वाटणार. थकलेले कर्ज व्याजासह फेडता येते; हे दिवस कोणत्या दराने फेडावयाचे?

शिवाय पोटगी आणि भेट यांचा परस्परांशी सौदा होऊ लागतो. ‘मूल दाखव, मग पैसे’ किंवा ‘पैसे टाक, मग मूल’. दोन्हीही मुलाचेच हक्क असताना एकाला दुसऱ्याचे तारण ठेवणे सर्वस्वी गैर आहे. खर्चाचेही तसेच. बाप चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामगार आणि आई लातूरला माहेरी, अशी स्थिती असेल, तर दोन तासांच्या भेटीसाठी एस. टी. चे दुहेरी भाडे व निदान एका दिवसाची मजुरी जाते. असा माणूस चार-सहा खेपांनंतर येईनासा झाला, की ‘त्याला मुलाची ओढच नाही’ असा शेरा बसतो.

दुसरी बाजू नजरेआड करून चालणार नाही. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या स्त्रीला भेटीचा दिवस म्हणजे पुन्हा त्याच माणसासमोर उभे राहणे असते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने, भेट मुलाच्या हिताला बाधक दिसल्यास ती नाकारण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला दिला आहे. तो योग्यच आहे. तथापि असा आरोप असेल तेथे तर निर्णय अधिकच लवकर हवा. भेट देखरेखीखाली व्हावी, की होऊच नये, हे दोन वर्षे अधांतरी ठेवण्यात त्या आईचेही हित नाही.

आदेश मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करण्याची किंवा त्याला दिवाणी तुरुंगात धाडण्याची तरतूद आहे. पण मुलाच्या आईला वा बापाला तुरुंगात पाठविण्यास कोणताही समंजस न्यायाधीश कचरणारच. त्यापेक्षा बुडालेली प्रत्येक भेट पुढील महिन्यात भरून द्यावी, असे मूळ आदेशातच लिहिणे अधिक व्यवहार्य होय. प्रवासखर्चाचा वाटाही तेथेच ठरावा. दूर राहणाऱ्या पालकाला व्हिडिओद्वारे मुलाशी बोलू देण्याचा मार्ग २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने दाखविलाच आहे. मात्र त्याने प्रत्यक्ष भेटीची जागा घेऊ नये.

कलम २६ च्या परंतुकात भेटीच्या अर्जाचा समावेश करावयाचा, तर संसदेला लहानशी दुरुस्ती पुरेल. ती होईपर्यंत, १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाने उच्च न्यायालयांना दिलेला नियम करण्याचा अधिकार वापरून पहिल्या अंतरिम भेटीसाठी अशीच मुदत घालून देण्याचा विचार मुंबई उच्च न्यायालयाला करता येईल.