विमान न उतरता परत वर जाते तेव्हा

पावसाळ्यात पुण्यात लोहगावच्या धावपट्टीपर्यंत खाली आलेले विमान कधी कधी न उतरताच पुन्हा वर झेपावते. मग ते घिरट्या घालते किंवा दुसऱ्या शहराकडे वळवले जाते. प्रवासी वैतागतात, घ्यायला आलेले नातेवाईक बाहेर ताटकळतात. काहीतरी बिघडले असावे, अशी शंका येते. खरे तर खराब हवामानात न उतरण्याचा निर्णय हाच सुरक्षेचा सर्वांत भरवशाचा उपाय असतो. पुणे परिसराचा इतिहास त्याची साक्ष देतो.

7 जुलै 1962 रोजी मध्यरात्रीनंतर, बँकॉकहून मुंबईला येणारे अलिटालियाचे डीसी-8 विमान जुन्नर परिसरातील डोंगरावर सुमारे 3,600 फूट उंचीवर आदळले. विमानातील सर्व 94 जण मृत्युमुखी पडले. मुंबई प्रत्यक्षापेक्षा जवळ आली आहे, असा वैमानिकांचा समज झाला आणि सह्याद्री ओलांडण्याआधीच त्यांनी विमान खाली आणले, असा तपासाचा निष्कर्ष होता. पुढे 4 ऑगस्ट 1979 रोजी पुण्याहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान रात्री, खराब दृश्यमानतेत पनवेलजवळच्या डोंगरात कोसळले. त्यात 45 जणांचा बळी गेला.

विमान धडधाकट आहे, वैमानिकाच्या ताब्यात आहे आणि तरीही डोंगरावर जाते, अशा अपघातांवर विज्ञानाने उत्तर शोधले. डॉन बेटमन या अभियंत्याने विकसित केलेली यंत्रणा रेडिओ लहरींनी जमिनीपासूनची उंची मोजते आणि धोका दिसताच कॉकपिटमध्ये इशारा देते. पुढच्या पिढीच्या यंत्रणेत डोंगरदऱ्यांचा नकाशाच साठवलेला असतो, त्यामुळे इशारा बराच आधी मिळतो. अशा अपघातांचे प्रमाण त्यामुळे खूप घटले. पण उतरायचे की परत फिरायचे, हा निर्णय आजही माणसाचाच असतो.

7 ऑगस्ट 2020 रोजी कोझिकोडला हेच दिसले. दुबईहून आलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानात 190 जण होते. भर पावसात उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडून दिल्यावर वैमानिकांनी दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला. या वेळी वारा पाठीमागून होता. सुमारे 2,700 मीटरच्या धावपट्टीचा अर्धा भाग मागे पडल्यावर चाके टेकली. विमान धावपट्टीपलीकडे जाऊन खाली कोसळले. दोन्ही वैमानिकांसह 21 जणांचा मृत्यू झाला.

अपघात तपास विभागाच्या अहवालानुसार सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्यास सांगितले होते, पण ते ऐकले गेले नाही. मुख्य वैमानिकाच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. ओल्या काचेतून प्रकाश वाकतो आणि अंतर व उंचीचा अंदाज चुकतो. मुख्य वैमानिक डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मधुमेहाची औषधे घेत होते. रक्तातील साखर किंचित उतरून निर्णयक्षमतेवर परिणाम झाला असावा, अशी शक्यताही अहवालात नोंदवली आहे. मेंदू मुख्यतः ग्लुकोजवर चालतो. साखर थोडी कमी झाली तरी गुंतागुंतीचा विचार मंदावू शकतो आणि त्या व्यक्तीला ते जाणवतही नाही. त्यात दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीवर त्यांनाच जायचे होते.

ठरवलेले काम शेवटच्या टप्प्यात आले की मेंदू ते पुरे करण्याकडे झुकतो, प्रतिकूल खुणांकडे काणाडोळा करतो. घाटात धुके दाटले तरी ‘आता थोडेच राहिले’ म्हणत गाडी पुढे दामटणाऱ्यालाही हाच मोह पडतो. म्हणूनच वैमानिकांसाठी नियम आधीच ठरलेला असतो: हवा खराब असेल तर जमिनीपासून 1,000 फुटांवर येईपर्यंत वेग, दिशा आणि खाली येण्याची गती ठरलेल्या मर्यादेत हवी, नसेल तर परत वर जायचे. ऐन क्षणी मनाला सौदा करायला वाव राहू नये, हा त्यामागचा हेतू. तरीही फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार, ही मर्यादा मोडली गेली असताना परत वर जाण्याचे प्रमाण केवळ 3 टक्क्यांच्या आसपास आहे.

नियम आहे, पण पाळला जात नाही. अशा वेळी केवळ वैमानिकाला दोष देऊन भागणार नाही. परत फिरल्याबद्दल जाब विचारला जाणार नाही, कनिष्ठाचा शब्द वरिष्ठ ऐकेल, आजार सांगितला तर थेट नोकरीवर गदा येणार नाही आणि ड्युटीच्या वेळापत्रकात थोडी मोकळीक असेल, याची हमी कंपन्यांनी आणि नियामकाने द्यायला हवी. नवी मुंबईचा विमानतळ डोंगरांच्या शेजारी सुरू झाला आहे. पुण्यासाठी पुरंदरचा प्रस्तावही डोंगराळ भागातलाच आहे. तेथील धावपट्ट्या आणि यंत्रणा उत्तम असतीलही. पण सह्याद्रीचा पाऊस तोच राहणार आणि माणसाचा मेंदूही. पावसात तासभर उशिरा पोहोचलेल्या प्रवाशाने वैतागण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे, की कॉकपिटमधल्या कुणीतरी ‘आता थोडेच राहिले’ हा मोह टाळला आहे.