ग्रुपवर पहिला प्रश्न कोण टाकणार?



पावसाची उघडझाप चालू आहे. मृग बहाराची फळं लिंबाएवढी झालीत. दिवसा ढगाळ, रात्री दमट, मधूनच चटका देणारं ऊन. तेल्याला याच्यापेक्षा चांगलं हवामान मिळत नाही. आणि अशा दिवसांत डाळिंबाच्या ग्रुपवर काय चाललंय? सकाळी सुप्रभात, दुपारी कुणाच्यातरी वाढदिवसाचा केक, संध्याकाळी बाजारभाव. बागेत टिपका आलाय असं एकही माणूस लिहीत नाही. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर जाऊन उभं राहा, तिथं मात्र निम्मी गर्दी हळू आवाजात टिपक्याचंच औषध मागतेय.

म्हणजे रोग आहे, माणसं आहेत, फोन आहेत, ग्रुपवर जाणकारही आहेत. नाही तो फक्त प्रश्न.

2022 पर्यंत व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात 256 माणसं बसायची. त्याच वर्षी ती आधी 512 आणि मग 1024 झाली. माणसं चौपट झाली, प्रश्न काही चौपट झाले नाहीत. उलट जितकी गर्दी तितकं तोंड बंद. चार जणांत माणूस बोलतो, हजारात बोलायला छाती लागते.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. जेकब नीलसन नावाच्या अभ्यासकानं 2006 साली इंटरनेटवरच्या मंडळींबद्दल एक ठोकताळा मांडला होता. शंभरातले 90 जण नुसतं वाचतात, 9 जण अधूनमधून बोलतात आणि एकच जण सारखा बोलत असतो. आपला कुठलाही ग्रुप उघडा, तो एकजण कोण ते तुम्हाला लगेच सांगता येईल. पण नुसतं लाजाळूपणा म्हणून हे सोडून देता येत नाही. आपला शेतकरी गप्प बसतो त्याच्यामागं हिशेब असतो, आणि तो हिशेब बऱ्याचदा बरोबर असतो. म्हणून आधी तो हिशेब मांडतो.

सगळ्यात मोठं कारण सौदा. डाळिंबाचा व्यापारी बागेत येतो, फिरून बघतो आणि जागेवर भाव ठरवतो. तो व्यापारी, त्याचा माणूस, त्याचा मेहुणा, कुणीतरी त्याच ग्रुपात असतंय. आज मी टिपक्याचा फोटो टाकला तर दोन महिन्यांनी सौद्याच्या वेळी तोच फोटो माझ्यासमोर धरला जाईल. दहा झाडांवर टिपका असला तरी अख्खी बाग 'तेल्याची बाग' म्हणून बोलली जाते. ज्याची गुटी विकायची आहे त्याची तर रोपंच विकायची बंद होतात. घरात लग्नाचं पोरगं असेल तर बाग कशी आहे हे सोयरेही विचारतात. अशा माणसाला 'घाबरतोस कशाला, विचार की' म्हणणं सोपं आहे. नुकसान त्याचं होणार असतं, म्हणणाऱ्याचं नाही.

दुसरं कारण उत्तर देणाऱ्यांची तऱ्हा. एकजण विचारतो, पान पिवळं पडतंय, काय करावं? पाच मिनिटांत सात औषधांची नावं येतात. पाणी किती देता, माती कसली, झाड किती वर्षाचं, मागची फवारणी कधीची, हे कुणी विचारत नाही. वर एखादा शहाणा लिहितो, 'एवढं साधं माहीत नाही आणि बाग लावली?' त्याखाली चार जणांचे हसरे चेहरे. विचारणाऱ्यानं परत कधी तोंड उघडू नये याची एका मिनिटात सोय होते. आणि तासाभरात त्याला पर्सनलला दोन-तीन औषधवाल्यांचे मेसेज येतात ते वेगळंच.

तिसरं कारण मला टिंगलीपेक्षा वाईट वाटतं, ते म्हणजे काहीच उत्तर न येणं. प्रश्न टाकला, तीनशे जणांनी बघितला, कुणी बोललं नाही आणि वर एक गणपतीचा फोटो येऊन पडला. टिंगल झाली तर माणूस रागावतो तरी. उत्तरच नाही आलं की त्याला वाटतं, आपला प्रश्नच फालतू होता.

चौथं कारण लिहिण्याचं. आपल्यातले कित्येक जण सातवी, नाहीतर दहावी. जोडाक्षर टाइप करताना बोट अडतं. समोर कृषी पदवीधर इंग्रजी नावं लिहीत असतात. झँथोमोनास कसं लिहायचं या विचारातच माणूस लिहिलेलं पुसून टाकतो. अहो, तेल्या लिहा की! रोगाला आपल्या बागेत तेच नाव आहे आणि शास्त्रज्ञांनाही ते कळतं.

पाचवं कारण आपल्याला दिसतच नाही, कारण ती माणसं ग्रुपात नसतातच. विरळणी कोण करतं, फळांची तोडणी कोण करतं, झाडाखाली वाकून कोण असतं? घरातल्या आणि मजुरीच्या बाया. पानावरचा तेलकट डाग पहिल्यांदा त्यांच्या नजरेला पडतो. पण फोन पुरुषाच्या खिशात. बाईनं बांधावर सांगितलं, तर 'बघू संध्याकाळी' म्हणून सोडून दिलं जातं. ग्रुपात शंभरभर शेतकरी आणि त्यात शेतकरणी चार. मग पहिली खबर ग्रुपवर कशी येणार?

आता कुणी म्हणेल, नाही विचारलं तर काय बिघडलं? गरज असेल तो फोन करून विचारतो. खरं आहे. किसान कॉल सेंटर 2004 पासून चालू आहे, 1800-180-1551 हा नंबर फुकट आहे. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 पासून आपल्याच जिल्ह्यात आहे. मोहोळला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथं विचारलं तर चारचौघांत लाज जात नाही. जरूर विचारा. पण फोनवरचं उत्तर एका कानात राहतं. शेजाऱ्याला ते कळत नाही, आणि तेल्या तर शेजाऱ्याकडंच जातो.

तेल्या हा जिवाणूचा रोग. पावसाच्या थेंबाबरोबर, वाऱ्याबरोबर उडतो. छाटणीच्या कात्रीवरून या झाडाचा त्या झाडाला, आणि छाटणीची टोळी आज या बागेत, उद्या त्या बागेत असल्यानं या गावचा त्या गावाला जातो. रोगट बागेतली गुटी घेतली की घरबसल्या येतो. माझ्या बांधापलीकडच्या माणसाला टिपका आलाय हे मला आठ दिवस आधी कळलं, तर मी टोळीला कात्र्या सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवायला लावीन, फवारणी पुढं ओढीन, त्या बागेतनं येणाऱ्यांना आधी हातपाय धुवायला सांगीन. कळलंच नाही तर मी निवांत झोपलेला असतो. मर रोगाचं आणि खोडाला भोकं पाडणाऱ्या किड्याचं सांगोल्याकडं हेच झालं. एकेकानं आपापल्या बागेतलं वाळलेलं झाड गुपचूप उपटलं आणि जळणात टाकलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूच्या बागा निघाल्या, तेव्हा कळलं की हे सगळ्यांच्याच बागेत होतं.

याच्या उलटंही आपल्याच जिल्ह्यानं बघितलंय. मे 2018 मध्ये अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात शिवमोग्ग्याकडं मक्यावर सापडली आणि सप्टेंबरात ती सोलापूर जिल्ह्यात पोचली. हिचा पतंग एका रात्रीत 100 किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. पण त्या हंगामात माहितीही पतंगासारखी पळाली. ज्याला त्याला मक्याच्या पोंग्यातली अळी दिसली, त्यानं फोटो टाकला आणि विचारलं, ही कुठली? डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडं चौकोनात चार ठिपके, ही ओळख मोबाईलवरच पाठ झाली. आज मका लावणारं शाळकरी पोरगंसुद्धा ती अळी ओळखतं.

मग तेव्हा विचारलं आणि आता का विचारत नाही? माणसं तीच, फोन तेच. फरक एवढाच की ती अळी नवीन होती, त्यामुळं ती येण्यात कुणाचा दोष नव्हता. आणि मक्याचा सौदा कुणी पोंगा बघून करत नाही. तेल्याचं तसं नाही. तेल्या आला की लोक म्हणतात, यानं हयगय केली. माझं म्हणणं सगळं इथं आहे. शेतकऱ्याला विचारायला येत नाही असं नाही. ज्या प्रश्नात अब्रू आणि पैसा जात नाही तो प्रश्न तो बिनधास्त विचारतो. त्यामुळं 'विचारा विचारा' असं ग्रुपवर ओरडून काही होणार नाही. विचारल्याचा खर्च कमी केला पाहिजे.

आपल्या जिल्ह्याला बोलण्यातूनच शेती मिळालीय हे विसरू नका. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेत निराळं दिसणारं वाण हेरलं, वाढवलं, आणि सोनाका, शरद सीडलेस ही द्राक्षं गावोगाव गेली. द्राक्षवाल्यांची चर्चासत्रं बागेतच व्हायची, आजही होतात. तिथं वेलीपुढं उभं राहून माणूस विचारतो, कारण उत्तर देणाराही त्याच चिखलात उभा असतो. ग्रुपवर तो चिखल दिसत नाही. तिथं दिसतात ते पाचशे ग्रॅमच्या फळाचे आणि गाडी भरतानाचे फोटो. सगळे जिंकलेलेच दिसले की हरणारा फोटो कशाला टाकेल?

म्हणून चार गोष्टी सुचवतो.

ॲडमिन मंडळींनी बिननावाचा प्रश्न सुरू करावा. विचारणाऱ्यानं ॲडमिनला पर्सनल पाठवायचं, ॲडमिननं नाव आणि गाव काढून ग्रुपवर टाकायचं. खबर म्हणून महसूल मंडळ लिहिलं तरी पुरे. पावसाचा आकडा आपण मंडळावरच बघतो, रोगाचाही बघू. बाग कुणाची हे व्यापाऱ्याला कळत नाही आणि शेजारी सावध होतो. काही ॲडमिननी 'फक्त ॲडमिन बोलणार' असं बटण दाबून ठेवलंय. कचरा थांबतो हे खरं, पण दुखणंही थांबतं. आठवड्यातली एक संध्याकाळ तरी सगळ्यांना उघडी ठेवा, आणि त्या संध्याकाळी सुप्रभात, वाढदिवस, पुढारी काही नको.

सल्लागार आणि कृषी पदवीधर साहेबांना विनंती. औषध सांगण्याआधी दोन प्रश्न उलट विचारा. तुम्ही विचारलंत की समोरच्याला वाटतं, आपलं ऐकतायत. फोटोवरून ओळखता येत नसेल तर तसं लिहा, त्यानं तुमची किंमत कमी होत नाही. आणि उत्तर ग्रुपवरच द्या, पर्सनलला नको. उत्तर माहीत नसलं तरी 'बघितलं, उद्या सांगतो' एवढं तरी लिहा.

विचारणाऱ्यांनी नुसता एक डागाचा फोटो टाकून 'औषध सांगा' म्हणू नये. झाडाचं वय, बहार, माती, पाणी, मागच्या पंधरा दिवसांतली फवारणी आणि तीन फोटो: अख्खं झाड, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू. लिहायला जमत नसेल तर व्हॉइस मेसेज टाका. बोलीत बोला, लाजायचं कारण नाही. आणि दहा-बारा दिवसांनी काय झालं ते परत येऊन सांगा. फरक पडला नाही तरी सांगा. उत्तर देणाऱ्यालाही त्यातनंच शिकायला मिळतं.

चौथी गोष्ट घरातली. ग्रुपवर बाईचा नंबर घाला, नाहीतर फोन दुपारी बागेत ठेवून या. ती फोटो काढील.

यातलं काहीच केलं नाही तर ग्रुप बंद पडणार नाही. सुप्रभात चालूच राहील. फक्त रोगाची बातमी आपल्याला नेहमी काउंटरवर, आठ दिवस उशिरा आणि तीही औषध विकणाऱ्याकडून मिळत राहील.

मी माझ्यापुरतं सुरू करतोय. ज्याच्या बागेत टिपका दिसतोय त्यानं या पानाच्या मेसेजमध्ये फोटो, बहार आणि मंडळ एवढंच पाठवावं. नाव कुठंही येणार नाही. जमेल तसं जाणकारांना विचारून उत्तर इथंच सगळ्यांसमोर टाकीन. व्यापारी बंधूंनाही सांगणं आहे, टिपका लपवलेल्या बागेपेक्षा टिपका सांगून आवरलेली बाग तुम्हाला परवडते. हे तुम्हालाही माहीत आहे, फक्त सौद्याच्या वेळी लक्षात असू द्या.

माझं चुकत असेल तर खाली लिहा. पहिला कोण लिहितो ते बघू.