सात लाख वीस हजार जिंकले, पण हातात उरले किती?



मागच्या रविवारचा व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. कोल्हापूरचा माझा जुना मित्र गोव्यात पोकर स्पर्धेच्या फायनल टेबलपर्यंत पोहोचला, त्याची ती गोष्ट. व्हिडिओचं शीर्षक मी ठेवलं होतं, "35 हजारांचे 7 लाख!" व्हिडिओ चालला, भरपूर पाहिला गेला. पण बुधवारी एका तरुणाचा मेसेज आला. "सर, तुमचा व्हिडिओ बघून हिंमत आली. नोकरी सोडतोय, बायकोचे दागिने ठेवून कॅफे टाकतोय. मीपण ऑल-इन!"

तो मेसेज वाचून मला रात्रभर नीट झोप आली नाही. चूक त्या पोराची नव्हती, माझ्या शीर्षकाची होती. म्हणून व्हिडिओत जे सांगायला हवं होतं आणि राहून गेलं, ते आज इथे लिहितोय.

त्या रात्री काय झालं

माझ्या मित्राचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. ग्रिल, शेड, गेटची कामं. सात-आठ कामगार. पोकर हा त्याचा नाद. वर्षातून काही वेळा गाडी काढतो, पणजीला जातो, मांडवीतल्या कॅसिनोत स्पर्धा खेळतो आणि परत येऊन सोमवारी शटर उघडतो.

या वेळी सुमारे तीनशे एन्ट्र्यांची स्पर्धा होती. रात्री साडेअकराला फोन आला, "भावा, नऊ जणांत आलोय!"

मी म्हटलं, "काय सांगतोस मर्दा! नाद खुळा!"

शेवटी तो चौथा आला. चौघं उरले असताना त्याच्या हातात दोन राजे होते. त्याने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. समोरच्याकडे एक्का आणि राणी. अशी लढत शंभर वेळा झाली तर सत्तरच्या आसपास वेळा दोन राजेच जिंकतात. त्या रात्री शेवटच्या पत्त्याला एक्का आला. हा उठला, तिघांशी हात मिळवला आणि बाहेर आला.

बक्षीस सात लाख वीस हजार. इथपर्यंतची गोष्ट मी व्हिडिओत सांगितली होती. आता पुढची ऐका.

आता हिशोब मांडू

त्याने मला त्याची वही दाखवली. आकडे त्याच्या परवानगीने देतोय.

बक्षीस: 7,20,000.
कर: पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर सरळ 30 टक्के, त्यावर 4 टक्के सेस. म्हणजे 2,24,640 गेले. आणि लक्षात घ्या, बाय-इनचा, प्रवासाचा कुठलाच खर्च या रकमेतून वजा करता येत नाही.
उरले: 4,95,360.

आता व्हिडिओत न आलेली गोष्ट. तो पहिल्या एन्ट्रीत बाद झाला होता. परत पैसे भरून बसला. म्हणजे 35 हजार नाही, 70 हजार लागले. आणि त्यातला निम्मा हिस्सा त्याने आधीच दोन मित्रांना विकला होता. त्यांनी 35 हजार घातले, म्हणून कर जाऊन उरलेल्या रकमेतले निम्मे, 2,47,680, त्यांचे.

याच्याकडे राहिले 2,47,680. त्यातून स्वतःच्या हिश्श्याचे 35 हजार आणि जाण्या-येण्याचे, राहण्याचे 20 हजार वजा करा. उरले 1,92,680.

तरीही बरेच वाटतात ना? थांबा. वर्षभरात तो आणखी अकरा स्पर्धा खेळला होता. त्यांत 2,60,000 घातले, कर जाऊन 1,00,000 परत आले. तोटा 1,60,000.

वर्षाचा नफा: 32,680 रुपये. महिन्याला साधारण 2,700.

ज्याला आपण "सात लाख जिंकले" म्हणून टाळ्या वाजवल्या, त्याच्या वर्षाचा हा निकाल. आणि हे त्याचं आजवरचं सगळ्यात चांगलं वर्ष होतं.

तुमच्या दुकानाचंही असंच असतं. "दिवाळीत चार लाखांचा धंदा झाला" असं आपण अभिमानाने सांगतो. अहो, तो गल्ला झाला. मालाचे पैसे, भाडं, पोरांचा पगार, परत आलेला माल, उधारी आणि स्वतःची मजुरी काढा. मग सांगा काय उरलं ते.

मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे

मग मित्राचं कौतुक करायचं की नाही? करायचंच. मला त्याच्या दोन गोष्टी मनापासून आवडल्या.

पहिली, त्याची हद्द. वर्कशॉपच्या नफ्यातून वर्षाला चार लाख तो या नादासाठी वेगळ्या खात्यात टाकतो. ते संपले की वर्ष संपलं. आणि एका स्पर्धेत स्वतःचे 40 हजारांच्या वर घालायचे नाहीत. दोन एन्ट्र्या लागल्या तर 70 हजार होणार हे त्याला घरीच माहीत होतं, म्हणून निम्मा हिस्सा निघण्याआधीच विकला. "सगळे माझेच असते तर" असं तो एकदाही म्हणाला नाही. टेबलावर तो ऑल-इन गेला, पण चिप्सचा. कामगारांचा पगार, मुलीची फी, घराचा हप्ता यांतला एक रुपयाही त्या टेबलावर नव्हता. म्हणूनच तो शांतपणे खेळू शकला.

दुसरी, ती वही. महत्त्वाच्या प्रत्येक डावानंतर तो दोन ओळी लिहितो. ज्या डावात बाहेर गेला, त्यापुढे लिहिलंय, "निर्णय बरोबर. पत्ता गेला." पण त्याआधीचा एक डाव बघा. साठेक जण उरले असताना हा एक्का-नव्वीवर सगळं लावून बसला. समोर एक्का-राजा निघाला. शंभरातून पंचवीस-तीस वेळाच हा जिंकणार. नव्वी आली आणि हा वाचला. ती नव्वी आली नसती तर फायनल टेबल नाही, फोन नाही, माझा व्हिडिओही नाही. त्या डावापुढे त्याने काय लिहावं? "चूक. नशिबाने वाचलो. परत नाही."

जिंकलेल्या डावाला "चूक" म्हणायला मोठी छाती लागते, मित्रांनो.

अ‍ॅनी ड्यूक नावाच्या अमेरिकन पोकर खेळाडूने 2018 साली "थिंकिंग इन बेट्स" हे पुस्तक लिहिलं. निकाल चांगला आला म्हणून निर्णय चांगला मानायचा, या सवयीला पोकरवाले "रिझल्टिंग" म्हणतात, हे तिने त्यात मांडलंय. आपल्याकडे ही सवय घरोघरी आहे. माझ्या बॅचमधल्या एका ताईंनी अ‍ॅडव्हान्स न घेता कापडी पिशव्यांची मोठी ऑर्डर घेतली. पैसे वेळेवर आले. त्यांनी धडा घेतला, "अ‍ॅडव्हान्सची गरज नसते, माणूस ओळखता आला पाहिजे." दुसऱ्यांदाही आले. तिसऱ्यांदा पार्टी फोनच उचलेना. तिसऱ्या वेळची चूक पहिल्याच वेळी झाली होती. फक्त तेव्हा नव्वी आली होती.

आपल्याला फक्त जिंकणारा दिसतो

2003 साली ख्रिस मनीमेकर नावाच्या अमेरिकन अकाउंटंटने 86 डॉलरची ऑनलाइन स्पर्धा जिंकून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत जागा मिळवली आणि तिथे 25 लाख डॉलर जिंकले. आडनावसुद्धा मनीमेकर! जगभर गोष्ट पसरली. त्या वर्षी 839 खेळाडू होते, पुढच्या वर्षी 2,576. त्या 2,576 जणांतलाही पहिला एकच आला. बाकीच्यांवर कोणी व्हिडिओ करत नाही. मीही करत नाही, हे आज कबूल करतो.

म्हणून स्पष्ट सांगतो, हा लेख पोकर शिका म्हणून लिहिलेला नाही. पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळवणं तर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदच केलंय. आणि "धंदा म्हणजे जुगारच की" असं जे म्हणतात, त्यांच्याशी माझं जमत नाही. पोकरच्या टेबलावर नवीन काही तयार होत नाही. एकाचे पैसे दुसऱ्याकडे जातात आणि मधला वाटा कॅसिनो घेतो. धंद्यात गिऱ्हाईक आणि तुम्ही, दोघंही खूश होऊन घरी जाऊ शकता. शिवाय धंद्यात पत्ते उघडून बघता येतात. वीस गिऱ्हाइकांना विचारता येतं, रविवारी एक स्टॉल लावून बघता येतं, अ‍ॅडव्हान्स मागता येतो. एवढी सोय असताना डोळे मिटून सगळं लावायचं कशाला?

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे. स्पर्धेत ठरावीक वेळाने सक्तीची रक्कम वाढत जाते. तिला ब्लाइंड म्हणतात. काही न खेळता बसलात तरी चिप्स झिजतात. आपले ब्लाइंड म्हणजे भाडं, वीजबिल, पगार, हप्ता.

माझा स्वतःचा ऑल-इन

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. 2009 साली नोकरी सोडून मी चिवडा-फरसाण पॅकिंगचं युनिट टाकलं. पीएफचे सगळे पैसे आणि आईच्या पाटल्या. मशीन घेतलं, गाळ्याचं डिपॉझिट भरलं, पाऊच छापले. पहिल्याच दिवशी खिसा रिकामा. आणि गंमत बघा, माल खपत होता! पण दुकानदारांकडून पैसे साठ दिवसांनी यायचे आणि बेसन-तेल रोखीने आणावं लागायचं. सातव्या महिन्यात कुलूप लागलं. मशीन निम्म्या किमतीत गेलं.

लोक म्हणाले, नशीब वाईट. नाही हो. पत्ते चांगले होते, चिप्स संपल्या.

आई एवढंच म्हणाली, "जाऊ दे रे, हात मोकळे बरे वाटतात." त्या पाटल्या मी अजून परत करू शकलेलो नाही, कारण आता आई नाही.

त्या तरुणाला मी काय विचारलं

तीनच प्रश्न. तुम्हीही वही घेऊन आज रात्री लिहून काढा.

1. एकही गिऱ्हाईक आलं नाही तरी किती महिने भाडं, पगार आणि घरखर्च चालेल? उत्तर सहापेक्षा कमी असेल तर आकार लहान करा. कॅफेच्या जागी आधी रविवारचा स्टॉल.
2. कुठला आकडा गेला की थांबायचं? तो आकडा आजच ठरवा आणि घरातल्या एका माणसाला सांगा. नुकसान सुरू झाल्यावर ठरवू म्हणाल तर कधीच ठरत नाही.
3. गेल्या वर्षी कुठल्या चुकीच्या निर्णयातून तुम्ही नशिबाने वाचलात? एक तरी सापडेलच.

त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. मी वाट बघतोय.

व्हिडिओचं शीर्षक मी काल बदललं. आता तिथे लिहिलंय, "7 लाख 20 हजारांचे 32 हजार." कमी लोक बघतील, चालेल.

मित्राला हे सांगितलं तर हसला. म्हणाला, "बरोबर केलंस भावा. चल, ठेवतो, शेडचं माप घ्यायला जायचंय."

भेटू पुढच्या रविवारी. तोवर वही सोडू नका.